टिळ्याचं बोट

आदिलाबाद, २८ डिसेंबर १९९९

महिपतदादा,

बाबांनी माह्या नावानं घेतलेले शंभर शेअर मी विकले अन् आयकर किती बसीन ते पुसाले अमृतराव वकिलाकडे गेली. खरेदी दहा हजाराची सांगितली, तं ते म्हणे, "बाई, औंदा कंपनीचे दोन भाग झाले. आता जुन्या शेअरची किंमत सहा हजारच धरा लागते. चार हजार नव्या कंपनीच्या शेअरचे. ते नवे शेअर कुठं हायेत?"

मले तं म्हाईतच नोयतं. कंपनीकडे पत्ता माह्या माहेरचा, बोथच्या घरचा होता, तरी म्हटलं, टपालात हरवले असतीन, आमचा दादा तसा नाही.

कंपनीले लिहून इचारलं, तं काल त्यायनं झेरॉक्स पाठवली. नवे शेअर तुया नावावर करून द्याच्या कागदावर माहीच सही हाये, अन् सहीपाशी बोटाचा काळा डाग.

राखीले तुले कुंकू लावलं, तसाच तू कागद पुढं केला. म्हणे, "घर आईच्या नावावर कराचं हाये, सही कर." बोट बी पुसू देल्लं नाही.

हे पत्र टाकत नाही. घरी आलेलं माहं पत्र आई तुयाकडूनच वाचून घेते, अन् तू तिले काय वाचून दाखवशीन, ते आता मले समजते.

या कागदावर मात्र वाचून सही करणारी,
बयना