बाईसाहेबांची पाठ

प्रिय बाबा,

फोन केला असता, पण तो आई उचलते, स्पीकरवर टाकते आणि भाजी निवडत सगळं ऐकते. म्हणून पत्र. तबेल्याबाहेर गाडीतच बसून लिहितेय. मांडीवर मालिशच्या टॉवेलांची चळत, त्यावर कागद. मघाशी एकदा लिहिलं, फाडलं, खाली उतरून गाडीभोवती चकरा मारल्या. एका जागी बसवतच नाही हो आज.

सकाळी एका दंतवैद्यबाईंच्या घरी मालिशचं टेबल मांडलं. मानेचं लाकूड झालंय, पण तोंडाने म्हणे छे, काहीच दुखत नाही. माणसं अशीच. त्यापेक्षा घोडी बरी. दुखऱ्या जागी बोट पडलं की कान मागे, शेपटीचा फटकारा. गाठ सुटली की मान खाली आणि ही मोठी जांभई. मग दुपारी तुमच्या तबेल्यावर आले. तुम्ही रिंगणाकडेला खुर्चीत बसून, काठी आपटत, घोडेस्वारी शिकायला आलेल्या नव्या वकिलांना झाडत होतात की पोत्यासारखे एका बाजूला कलू नका. मला हसू आलं. तासाभराने तुमच्या लाडक्या घोडीच्या, बाईसाहेबांच्या, पाठीवर हात फिरवला आणि ते हसू पळालं.

गेल्या वर्षी पडलात, उजवा खुबा मोडला. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, पुन्हा पडलात तर उठणं नाही. तुम्ही आईला शब्द दिलात. तेव्हापासून बाईसाहेबांच्या पाठीवर कुणी बसत नाही, मोतद्दार तिला नुसता हाताने फिरवतो, हो ना? मग मागच्या खेपेला तिच्या पाठीत डावीकडे, खोगीर टेकतं तिथेच गाठ कशी लागली? वाटलं, वेडीवाकडी लोळली असेल. सोडवली. आज पुन्हा तिथेच, तशीच. उजवा खुबा सांभाळत डावीकडे कलून कोण बसतं, बाबा? सोफ्यावर नेहमी बघते मी. मोतद्दाराला विचारलं तर तो छपराकडे बघत बसला. आणि आई बिचारी समजते, तुम्ही पहाटे चारा बघायला जाता!

असा संताप आला! वाटलं, त्या वकिलांसमोरच तुमची काठी हिसकावून घ्यावी. पण बाईसाहेबांचं अंग बघितलं. वर्षभर वैरणीला तोंड न लावणारी घोडी, आता कशी तकाकी आलीय. आणि तुम्ही परत शीळ घालायला लागलात म्हणून आई परवाच कौतुक करत होती. तिला सांगितलं तर ती घोडी उद्याच विकेल, आणि तुम्ही न पडताच संपाल. नाही सांगितलं आणि तुम्ही पडलात, तर मी कुठे तोंड दाखवू? इकडे आड, तिकडे विहीर. भीती वाटते हो. फार वाटते.

तेव्हा ऐका. आईला तुम्हीच सांगायचं, रविवारच्या आत. ती आकाशपाताळ एक करेल, करू दे. रविवारी उजाडता मी येईन. आधी तुम्ही टेबलावर. 'मी काय घोडा आहे का' हे चालायचं नाही. तुमची पाठ सुटल्याशिवाय तिची सुटायची नाही. मग खोगीर, आणि लांब दोर माझ्या हातात. लहानपणी मी रडून गोंधळ घातला तरी वर्षभर दोर सोडला नव्हतात, आठवतं? मीही सोडणार नाही. कललात तर सगळ्या तबेल्यासमोर ओरडेन. मला तुम्ही हवे आहात, बाबा. घोड्यावर बसलेले हवे आहात, पण हवे आहात.

आता हे पत्र ठेवायला आत जातेय. तुमचं जुनं खोगीर अजून त्याच खुंटीवर आहे, वर्षभर कुणी हात लावला नाही म्हणता, तेच. त्याच्या गादीखाली ठेवीन. खरंच कुणी हात लावत नसेल, तर हे कुणाच्या हाती लागायचंच नाही, आणि रविवारी मी तुमचे पाय धरून माफी मागेन. पण तुम्ही हे वाचताय. उतरवा ते खोगीर, आणि घरी जा.

तुमचीच, दोर घट्ट धरून,
भिंगरी