सीओंना सोनपेठला नेलं

१२ मार्च
अंतराळात जाण्याआधीचं विलगीकरण चालू. आज काचेपलीकडून भेटी. आधी सविता. बायको म्हणून रडायचा हक्क होता, पण रडली नाही. मग मोठी माणसं, त्यांच्यात सीओ. निवृत्त झाले, आता सल्लागार मंडळावर. मी अजून त्यांना सीओच म्हणतो, माझ्या पहिल्या स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर. काचेवर तळहात टेकवून म्हणाले, माझ्या हाताखाली घडलास. कॅमेरे होते, म्हणून मीही पलीकडून हात टेकवला. मधे काच होती ते बरं झालं.

माझा शाळेपासूनचा सोबती बालाजी असता तर आज या खोलीत तो असता. विमान माझ्यापेक्षा लय चांगलं उडवायचा.

१९ मार्च
कक्षेत. तोंड सुजलंय, नाक चोंदलेलं. काम भरपूर. दुपारी खिडकीपाशी थोडा वेळ मिळाला. जायकवाडीचं पाणी दिसलं, तिथून गोदावरी धरून खाली आलो. सोनपेठ इथंच कुठंतरी. वरून पाहिलं की माणसाची भांडणं क्षुल्लक वाटतात, असं सगळे सांगतात. मला नाही वाटली. बालाजीच्या आईचं पत्र्याचं घर शोधत बसलो, दिसणार नव्हतं तरी.

खालून, नियंत्रण कक्षातून विचारलं, काय वाटतंय? अभिमान वाटतोय म्हणालो.

२ मे
जमिनीवर परतलो तरी पाय अजून आपले वाटत नाहीत. सकाळी कप हवेतच सोडून दिला, तरंगेल म्हणून. फुटला. सविता हसत सुटली.

संध्याकाळी टीव्हीवर सीओ. म्हणे, "शिस्त मी लावली. चुकणारे वैमानिकही पाहिलेत, एकानं तर जीव गमावला. अंगद चुकत नाही."

बालाजीचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच काय.

३ मे
झोप नाही. एकदा नीट लिहून काढतो.

आम्ही दोघं एकाच जिल्ह्याचे. मी वालूरचा, घरची शेती. तो सोनपेठचा, आईबाप ऊसतोडीला जायचे, हा साखर कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत वाढलेला. सैनिकी शाळेपासून सोबत. अपघाताच्या दिवशी क्रू रूममध्ये मी शेजारीच उभा होतो. बालाजी म्हणाला, "सर, इंजिन खोकतंय. कालपण खोकलं. आज हे विमान नको." दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, त्यांच्यासमोरच्या कसरतींची तालीम होती. सीओ म्हणाले, "घाबरलास का?" संपलं. घाबरलास म्हटल्यावर कोणता वैमानिक खाली राहील?

उड्डाण घेतलं आणि धावपट्टी संपते न संपते तोच इंजिन बंद. बाहेर पडायला उंचीच नव्हती.

चौकशीत मी ऐकलं तसं सांगितलं. निष्कर्ष आला, वैमानिकाची चूक. माझी बदली एका कार्यालयात, फायली बघायला. परत विमानात बसायला किती जणांच्या पाया पडलो ते माझं मला माहीत.

१४ मे
परभणीहून सत्कार समितीचा फोन. प्रमुख पाहुणे कोण बोलवायचे? मी क्षणाचाही विचार न करता सीओंचं नाव सांगितलं. समितीचा माणूस गहिवरला, गुरूची आठवण ठेवली म्हणाला.

भाषण मनात तयार आहे. ते खुर्चीवर, हार गळ्यात, समोर सगळा जिल्हा. तेव्हा सांगणार. उठूनही जाता येणार नाही त्यांना.

सविता म्हणाली, नोकरीवर येईल. येऊ दे.

२१ मे
सोनपेठ. ऊन नुसतं भाजायलंय. बालाजीची आई, गयामावशी, लिंबाखाली बसलेली. थकली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, वर जेवायला काय देत होते ते विचारलं. मग मी बेत सांगितला. वाटलं खूश होईल.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "सबेत तू बोलशील, टाळ्या तुला पडतील. मला काय? त्या माणसाला माज्या दारात आण."

कशाला म्हणून विचारलं तर सांगितलं, बाजारात अजून बाया कुजबुजतात, हिच्या लेकानं सरकारचं इमान पाडलं. नवरा हेच ऐकत गेला. तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको, त्याच माणसाच्या तोंडून पाहिजे.

परत येताना लाज नाही, राग आला. माझ्या हातातला घास काढून घेतल्यासारखं झालं. पण हक्क तिचा पहिला. कबूल.

२३ मे
सीओ काल परभणीत आले. आज त्यांना म्हणालो, सर, आमच्याकडची ज्वारीची भाकरी खायला चला, नात्यातलं घर आहे. आनंदानं निघाले. वाटभर गुडघ्याचं दुखणं सांगत होते.

दारात एक बूट काढला आणि समोर भिंतीवर बालाजीचा गणवेशातला फोटो. तसेच उभे राहिले.

"अंगद, हे बरोबर नाही."

"बसा, सर."

मावशीनं आधी जेवू घातलं. पिठलं, भाकरी, ठेचा. शेजारी बसून वाढत होती. त्यांना भाकरी तुटेना. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू, लय बरं वाटत होतं.

ताट उचलल्यावर तिनं विचारलं, "माज्या लेकानं इमान खराब हाय म्हणून सांगितलं होतं का न्हाई?"

चौकशी समितीनं सर्व बाजू तपासल्या होत्या, असं काहीतरी सुरू केलं त्यांनी.

"समितीला न्हाई इचारायले. तुमाला इचारायले."

मग ते फोटोकडं न बघता म्हणाले, "सांगितलं होतं."

मी वाट पाहत होतो, आता शिव्या देईल, पदर पसरून तळतळाट देईल. काही नाही. एवढंच म्हणाली, उद्या परभणीत हेच सांगा, समद्यांनी ऐकलं पायजे. ते म्हणाले, मला थोडा वेळ द्या.

"लय दिला," ती म्हणाली आणि भांडी घेऊन मागं गेली.

येताना गाडीत गुडघ्याचा विषय निघाला नाही. मीही त्यांना सुटका होईल असं काही बोललो नाही.

२४ मे, सकाळ
विश्रामगृह. ड्रायव्हर सांगतोय, पाहुण्या साहेबांनी पहाटे पुण्याला जायला गाडी विचारली होती. मग नको म्हणाले.

मावशीला गाडी पाठवतो म्हटलं होतं, ऐकलं नाही. एसटीनं आली. समितीचा फोन आला, पहिल्या रांगेत जाऊन बसलीसुद्धा, पाणीही घेईना.

समितीला सांगून क्रम बदलला. आधी सीओ बोलतील, मग मी. त्यांनी सांगितलं तर मी दोन वाक्यांत आभार मानून बसणार. नाही सांगितलं तर माईक माझ्याकडं आहे, आणि मला माहीत नाही मला यातलं नक्की काय पाहिजे.

आत्ता व्हरांड्यात आलेत. साधा पांढरा सदरा, पदकं लावलेली नाहीत. दाढी नीट झालेली नाही. गाडीशी उभे आहेत, माझी वाट बघत.

निघतो. रस्त्यात काही विचारणार नाही.