दुसऱ्या कुपीतली अँटिबॉडी

११ जानेवारी, दुपार

चि. ठमाबाईस,

आशीर्वाद. आईचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. खरं म्हणजे आनंदानं वेडी व्हायची तेवढी बाकी आहे. डबा तसाच पडलाय आणि मी लिहायला बसलेय. दीड वर्षात तू फोन उचलला नाहीस, म्हणून पत्र.

आईला वाचून दाखवशील, म्हणून सोपं करून लिहिते. पेशीला मरायचा हुकूम देणारं आपलं ते प्रथिन. ते नुसतं दिसत नाही. त्याला नेमकी जाऊन चिकटणारी अँटिबॉडी लावायची. चिकटली की फिल्मवर काळी पट्टी उमटते. आपण तपासत होतो त्या औषधानं हे प्रथिन जागं होतं, असं मी संशोधनाच्या पेपरात छापलं ते याच पट्टीच्या जोरावर.

तर गेल्या महिन्यात नव्या पेशी आल्या. त्यांच्यातून या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलंय. प्रथिन नाही, म्हणजे पट्टी यायलाच नको. माझी अँटिबॉडी लावली, तर पट्टी हजर, चांगली ठसठशीत. बाईसाहेब इतकी वर्षं भलत्याच प्रथिनाला चिकटून बसल्या होत्या. मग तू इथं लॅबमध्ये असताना मागवलेली अँटिबॉडीची दुसरी कुपी काढली. नव्या पेशींत कोरं. जिथं प्रथिन नक्की असतं, तिथं पट्टी. आणि आपलं औषध दिलेल्या पेशींत? कोरं. तू म्हणत होतीस अगदी तसंच. मी उठून नाचले गं. काचसामान धुणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या.

स्वतःचा पेपर चुकला म्हणून कुणी नाचतं का, असं म्हणशील. पण पेपर छापला तेव्हापासून ती पट्टी मला खात होती.

"ताई, तुझी अँटिबॉडी खोटं बोलतेय," असं तू कितीदा सांगितलंस. मग लॅबच्या सरांनी तुला बोलावलं आणि म्हणाले, "प्रयोगात तुमचा हात साफ नाही. दुसरीकडे बघा." मी गप्प बसले, म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीस.

मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. हात साफ नाही, हे वाक्य माझं होतं. आदल्या दिवशी सरांच्या खोलीत जाऊन मीच ते बोलले. पेपर पाठवायचा होता आणि दुसऱ्या कुपीनं आलेली तुझी कोरी फिल्म आडवी येत होती. शंका मला तेव्हाही होती. फार लाज वाटते. आईला हेही वाचून दाखव, गाळू नकोस.

आज सकाळी दोन्ही फिल्म सरांपुढं ठेवल्या आणि सगळ्यांदेखत हे सांगितलं. सरांनी दोन्ही फिल्म उजेडाला धरून बघितल्या.

"पेपर मागे घ्यावा लागेल," ते म्हणाले.

"मागे घ्यायचं पत्र लिहूनच आणलंय," मी म्हटलं. त्यांनी सही केली.

नव्या पेपरावर पहिलं नाव तुझं आहे. पण तीनदा झाल्याशिवाय आपल्याकडे प्रयोग कुणी मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. दोनदा मी केलाय. तिसऱ्यांदा मी करणार नाही. सरही थांबायला तयार आहेत. ये. माझ्याशी एक शब्द बोलू नकोस हवं तर, पण तिसरी फिल्म तुझ्या हातची असू दे.

तुझ्या हाताला नावं ठेवणारी,
ताई