मागेपर्यंत थांबलेलं पाणी

आये, मला अक्षर येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? मी बोलते आहे आणि नात लिहून घेते आहे. ती भुईगावातून रोज मुंबईच्या ऑफिसात जाते. तिथे एक जुना प्रोग्रॅम आहे. तो एकेक प्रश्न विचारतो आणि समोर टर्मिनलवर, म्हणजे पडद्यापुढे, माणूस बसल्याशिवाय हलत नाही, अगदी आपल्या फादरांसारखा. म्हणून हिने दुसरा प्रोग्रॅम लिहिला. तो जुन्यापुढे खोटं टर्मिनल मांडतो, प्रश्न वाचतो, उत्तर टाकतो. जुन्याला वाटतं, माणूसच बसलाय. मी म्हटलं, "बाय, असली लबाडी मी सातव्या वर्षी केलीय."

आठवतं? पहिल्या कम्युनियनच्या आधी चुलीपुढे बसवून तू धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं माझ्याकडून घोकून घेतलीस. पुस्तक तुलाही वाचता येत नव्हतं. फादरांनी मधला एक प्रश्न, देवात व्यक्ती किती, हा गाळला आणि मी आपली ओळीने उत्तरं देत सुटले. ते विचारतात, देव कुठे आहे? मी म्हणते, तीन! अख्खं चर्च हसलं. घरी तू पळी आपटलीस, "विचारल्याबिगर तोंड उघडायचं नाय!"

परवा नातीचं गाडं अडलं. जुन्याने एक नवाच प्रश्न विचारला आणि हिचा प्रोग्रॅम ठरलेल्या प्रश्नाची वाट बघत बसून राहिला.

"किती वेळ बसला असता गं?"

"कायमचा, आजी. किती थांबायचं, ते सांगायलाच मी विसरले."

दोन ओळी घालून ती मोकळी झाली. मी मात्र ताट बाजूला सारलं.

तुझी शेवटची दुपार. तू अंथरुणावर आहेस, मी तांब्या घेऊन उशाशी. सकाळी पाजताना तुझ्या गळ्यावर सांडलं, तर केवढी ओरडलीस, "मागितल्याबिगर पानी आनू नको!" मी थांबते. ऊन केळीतून ओट्यावर येतं, ओट्यावरून आत. तू मागत नाहीस. मग मागायला उरतच नाहीस. लेक शेवटपर्यंत पाणी घेऊन बसली होती, असं गाव अजून म्हणतं. मीही मान डोलावते.

नात विचारते, कागदाचं काय करू? चर्चमागे कबरीत तुझ्यापर्यंत पोस्टमन जात नाही, आणि गेलाच तर तुला वाचून कोण दाखवणार? राहू दे डब्यात. म्हणूनच सांगून टाकते. तुझा हात दोनदा तांब्याकडे आला होता, आये. मी पाहिला होता. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.