चिमूटभर जवळा

वरसे, रोहा
१० डिसेंबर १९९६

ती. मालूआत्यास,

सुक्या जवळ्याने माझा घसा बंद होतो हे ठाऊक असूनही तू भाकरीच्या पिठात चिमूटभर जवळा कुटून घातलास. "थोडं थोडं पोटात गेलं का सवय होते गो," असं तू इस्पितळात रडत सांगत होतीस. बाबांना मी एवढंच सांगितलं, की आत्याने मुद्दाम घातला. ते खरं होतं. मला बरं करायला घातला, हे मी सांगितलं नाही. तीन वर्षं झाली, बाबा तुला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

आता मी आईच्या हातचंही खात नाही. माझा भात मीच शिजवते, तरी प्रत्येक घासाला गळा चाचपते. वजन अडतीस किलो झालंय. रोह्यातले मनाचे डॉक्टर काल म्हणाले, "रोज दुसऱ्याच्या हातचा एकच घास खायचा. थोड्या थोड्याने सवय होते." तुझेच शब्द ऐकून मी दाराकडे धावले. त्यांनी विचारलं, "कोणाच्या हातचं खाशील?"

"कोणाच्याच नाही," म्हटलं. खोटं बोलले. तुझंच नाव ओठांवर आलं होतं.

आज तुझ्या शेजारच्या रघूकाकांनी पेणहून तुझी भाकरी आणून दिली. म्हणाले, "नुसतं पीठ नि मीठ हाय, बोलली. शपथ घातलीय."

तू खोटं बोलत नाहीस. तुकडा चारदा ओठांपर्यंत नेला. मग खाली ठेवला आणि साबणाने हात धुतले, दोनदा.

तुझ्या हातच्या भाकरीवर वाढलेली,
सुरभी