आमची दाढ आणि ह्यूमन फॅक्टर

२ मार्च १९९६
बेळगावचं ट्रेनिंग संपलं. विषय ह्यूमन फॅक्टर. डॉक्टरही माणूसच, तोही चुकतो. चुकला की हाताखालच्यांनी बेधडक टोकावं, म्हणजे पेशंट वाचतो. (मी फारसा चुकत नाही. इतरांना उपयोगी.) आता जोयडा तालुक्यातल्या डॉक्टरांना हे मी शिकवणार. जायला दुसरं कोणी तयार नव्हतं, पण निवड ती निवड.
खालची उजवी दाढ ठणकते. लवंग धरली.

५ मार्च
नर्स देवकीअक्का आणि कंपाउंडर झिलू यांना बजावलं, चुकलो तर तोंडावर बोला. दोघं म्हणाले, व्हय डॉक्टर.

६ मार्च
अक्का भर ओपीडीत म्हणाली, सुई ह्या बाईला न्हवं, तिच्या पोराला हाय. दिली कुठे होती? नुसता दंड पुसला होता! टोकण्याची रीत समजावली: आधी परवानगी, मग एकांत, सूर नम्र. तिचे डोळे भरले. शिकताना व्हायचंच.

८ मार्च
झिलू म्हणतो, डॉक्टर, नळी कानात न्हाई, गळ्यात हाय, आन तुमी छाती साफ म्हणतासा. अनुभव नावाची गोष्ट असते. त्याला बाटल्या धुवायला बसवलं.

१४ मार्च
कोणी टोकत नाही. म्हणजे चुका शून्य! तालुक्याच्या डॉक्टरांच्या शिबिरात, माझ्या भाषणात सांगणार.
उजवा गाल सुजला. डावीकडून जेवतो.

१८ मार्च, दुपार
शिबिर. जिल्ह्याचे मोठे सर जीपने आले. मूळचे दाताचे डॉक्टर. मलाच कल्पना सुचली: सर माझी दाढ काढतील, सगळे बघतील, चूक दिसली की टोकतील. जिवंत प्रात्यक्षिक!
अक्का ट्रे धरून शेजारी उभी. सरांनी सुई डावीकडे दिली. माझ्या लगेच लक्षात आलं. पण माझा गोपनीय अहवाल सरच लिहितात. चिमटा लावून त्यांनी विचारलं, हीच ना?
म्हणालो, हो सर.
तालुक्यातले सगळे डॉक्टर माझ्या सुजलेल्या उजव्या गालाकडे बघत होते. कोणी हूं की चूं केलं नाही. मग टाळ्या.

१८ मार्च, संध्याकाळ
उजवी ठणकतेच आहे. डावीकडे खड्डा. जेवायला बाजूच उरली नाही. रडू येतंय.
अक्कावर ओरडलो, का बोलली नाहीस? म्हणाली, परवानगी मागाय तुमच्याकडंच बगीत हुते की. तुमी तर हो सर म्हणलासा.
निघताना सर म्हणाले, प्रात्यक्षिक उत्तम झालं, पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाजूची एक काढू.
निदान ती तरी बरोबर बाजू आहे. म्हणालो, हो सर, वरची ना? (खालची म्हणायचं होतं, जीभ घसरली.)
सर म्हणाले, हो, वरची.