पत्रिकेतली रिकामी ओळ

२२ फेब्रुवारी १९९४, मंगळवार. एकादशी.
आज सकाळी आंघोळ, पूजा झाली आणि पोथी उघडण्याआधी लेकीच्या, मंगलच्या लग्नपत्रिकेच्या प्रुफावर लाल पेन्सिलीने विलासचं नाव खोडलं. माझ्याच मुलाचं. छापखान्यातल्या सवयीने रेघ सरळ आली.
थोरले भाऊ काल पेडगावहून आले होते. मानवतचं स्थळ त्यांनीच जमवलेलं. म्हणाले, "बापू, विद्यापीठाच्या नामांतराला आत्ता कुठं महिना झाला. गावात अजून तोंडं वाकडी हायती. पावण्यांनी इचारलं तं काय सांगू, पोरानं बौद्धाची पोरगी केली म्हणून? काढ की ह्यो येक खिळा. तुझा तं धंदाच हाय खिळ्याचा."
छापायच्या अक्षराला आम्ही खिळा म्हणतो; त्यावर स्वतःच हसले. मीही हसलो, का कोण जाणे. नाव राहिलं तर भाऊ मांडवात पाय ठेवणार नाहीत, आणि व्याही त्यांच्या शब्दावर राजी झालेत.
सौ.च्या हातून साबुदाणा करपला, तोच खाल्ला. अध्याय वाचला, पण काय वाचलं ते आठवत नाही.

२४ फेब्रु., गुरुवार
प्रेसमध्ये पत्रिका आता कॉम्प्युटरवर होतात. मला पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवरची पावतीबुकं आणि किरकोळ कामं. ऑपरेटर कल्पना हिने दुरुस्ती केली. मजकूर ती एका प्रोग्रामात टाइप करते आणि पान लावायला दुसऱ्यात नेते. पान लावलं तर 'आपले विनीत'खाली भाऊंच्या मुलांच्या नावांनंतर एक ओळ रिकामी. मग पुढची नावं.
"कल्पना, ही जागा कशाची?"
"मामा, नाव गेलं, पण त्याच्या मागच्या खुणा राहिल्यात. दिसत न्हाईत. जागा धरून बसल्यात मात्र."
तिने एक बटण दाबलं. पडद्यावर त्या रिकाम्या ओळीत बारीक खुणा उमटल्या. पुन्हा दाबलं, नाहीशा झाल्या. खुणा पुसायला गेली तर खालच्या सगळ्या नावांचा मराठी फाँट जाऊन ती एकदम इंग्रजी झाली. माझ्या साडूचं नाव म्हणजे नुसते कंस आणि टक्के. ती हसायला लागली, मग माझ्याकडे बघून थांबली.
आमच्या शिशाच्या कामातही कोरी जागा कोरी नसते, तिथे बिनअक्षराचा खिळा असतो. पण तो चिमट्याने उचलता येतो. इथे हाताला काही लागत नाही.

२५ फेब्रु.
सगळं नव्याने टाइप करते म्हणाली. लाईट गेली ती दुपार उलटून आली, तोवर शेठ ओरडायला लागले. छपाईची प्लेट तशीच केली.
नमुना बघून भाऊ म्हणाले, "मधी दात पडल्यावानी दिसायलंय. ऱ्हाऊ दे. लोक तारीख बघतेत अन् जेवायला येतेत."

१ मार्च, मंगळवार
पत्रिका छापून आल्या. घडी व्हायची आहे. एक घरी आणली. सौ.ने हळदकुंकू लावलं. तिला वाचता येत नाही, तरी बोट फिरवत खाली गेली आणि बरोब्बर त्या जागेवर थांबली.
"इथं का बरं सोडलंय?"
मंगल आतून म्हणाली, "तिथं दादा होता, आई."
सौ. उठून गेली. पत्रिका तशीच पाटावर.
विलास इथेच परभणीत, रेल्वे फाटकाच्या पलीकडे राहतो. लग्न केल्यापासून घरी आलेला नाही. मी ये म्हटलेलं नाही. सून दवाखान्यात नर्स आहे एवढंच माहीत. एकदा बाजारात लांबून पाहिली, वांगी निवडत होती. मी गल्ली बदलली.

३ मार्च
जप करताना माळ हातात आणि डोळ्यापुढे ती ओळ. देवाला काय मागावं तेच कळेना. मंगलचं नीट व्हावं म्हणावं तर...

५ मार्च, शनिवार
मंगलला विचारलं, दादाचं नाव परत घालू का. विचारायला नको होतं की आधीच विचारायला हवं होतं?
"बाबा, तुमी काढलंत, मी काय म्हणले का? पण मला इचाराल तं, लगीन मोडायचं तं आत्ता मोडू द्या. तिथं नांदायला गेल्यावर कुणी तोंडावर टाकलं तं मी कुठं जाऊ?"
आवाज शांत होता. हात मात्र पदराशी खेळत होते.

६ मार्च, रविवार
प्रेस बंद. शेठकडून किल्ली घेतली. "सुटीच्या दिवशी काय करायलास, बापूराव?" "घरचं काम." खोटं नव्हतं.
जुन्या लाकडी केसमधून खिळे काढले. विलासचं नाव जुळवलं. ओळीत जागा उरली. बराच वेळ जुळणीची स्टिक हातात धरून बसलो. मग पुढे 'सौ. सुजाता' जुळवलं. सुनेचं नाव मी तोंडानेही कधी घेतलेलं नाही.
रद्दी कागदावर चार-सहा ठसे घेतले तेव्हा जागेवर बसलं. मग एकेक पत्रिका ट्रेडलला लावत गेलो, सगळ्या. शिशाचा ठसा आजूबाजूच्या नावांपेक्षा काळा आणि जाड उठतो. लपणार नाही.

७ मार्च, सोमवार
सकाळी पहिली पत्रिका मारुतीपुढे ठेवली. भाऊ गठ्ठा न्यायला आले, त्यांना आधी सांगितलं, मग दाखवली.
"तुझं डोकं फिरलंय का बापू? ह्यो कसला काळा ठप्पा! अन् तिचंबी?"
"तिचंबी."
"पोरीचं मोडलं तं?"
"तिला विचारलंय."
गठ्ठा न घेता गेले. मोठा भाऊ आहे, वाईट वाटलं.
दुपारच्या एस.टी.ने मी एकटाच मानवतला गेलो. व्याह्यांच्या हातात पत्रिका दिली आणि म्हटलं, "खालची नावं बघून घ्या. तो माझा मुलगा, ती सून. दोघं मांडवात असतील." त्यांनी चष्मा मागवला. सावकाश वाचलं, त्या ओळीवरून अंगठा फिरवला. चहा आला, प्यालो.
"घरात इचारून कळवतो," म्हणाले. पत्रिका परत दिली नाही.
येताना परभणीला उतरलो आणि घरी न जाता फाटक ओलांडलं. विलासच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईकडे पत्रिका दिली, वर दोघांचं नाव लिहून.